रशीदचाचांनी दाखवलेली तीन घरं

रशीदचाचांची माझी पहिली गाठ भोरच्या एसटी स्टँडवर पडली. मी बाकावर कंबर धरून वाकडा झालो होतो. हातात सोनोग्राफीचा कागद : उजव्या मूत्रपिंडात चौदा मिलिमीटरचा खडा. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी तो न विचारता घेऊन वाचला आणि म्हणाले, "चौदा. ह्यो बिअरनं न्हाई पडायचा." मी बिअरचं बोललोच नव्हतो, पण बेत तोच होता.

त्यांची सारी नोकरी सरकारी दवाखान्यात औषधं देण्यात गेली, हे मला मागाहून कळलं. त्याबद्दल चाचांच्या सत्काराच्या या अंकात जाणकार लिहितीलच. माझी शाळा अर्धवट, पायाला भिंगरी. मला ठाऊक आहे तेवढंच मांडतो.

चाचांची एक रीत आहे. कुणाला खडा निघाला की ते त्याला खडा काढून घेतलेल्यांच्या घरी नेतात. स्वतः सल्ला देत नाहीत. माझ्याच गाडीवर मागे बसून त्यांनी मला तीन घरं दाखवली. (वाटेत मी एका धाब्यावर भजी खायला थांबलो, तेही त्यांनी सोसलं.)

किकवीच्या गुरुजींचा खडा बाहेरून लहरी मारून फोडला होता. टाका नाही, त्याच दिवशी घरी. पण दोनदा जावं लागलं आणि चुरा पडताना आठवडाभर कळा. भाटघरच्या शांतामावशींचा पाठीतून बारीक भोक पाडून काढला. एका दमात साफ, पण तीन दिवस दवाखाना आणि महिनाभर डोक्यावर भारा नाही. भोरच्या टेलरकाकांना लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेसर केलं. टाका नाही, पण आत काही दिवस नळी, आणि ती निघेपर्यंत जळजळ. प्रत्येक घरी चाचांचा शेवटचा प्रश्न एकच : परत वेळ आली तर हेच कराल का? मावशी म्हणाल्या, "परत म्हणू नका चाचा, आत्ताच कंबर दुखाया लागली."

माझा खडा खालच्या कप्प्यात होता. लहरींनी फुटला तरी चुरा वर चढून बाहेर येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी लेसर केलं.

मग मी चुकलो. दुखणं थांबलं तसा वेल्ह्याच्या डोंगरात धनगर मित्रांच्या वाड्यावर मेंढरांमागं निघून गेलो. नळी काढायची तारीख टळली. ती चाचांच्या कॅलेंडरवर होती. सत्तरी ओलांडलेले चाचा एसटीनं आले, वर चढ चढून आले आणि दगडावर टेकले.

"नळी आत ठिवून हिंडतोयस व्हय? तिच्यावर बी खडा धरतो."

मी म्हणालो, दुखत न्हाई. मित्रानं ताक आणलं; मी दवाखान्यात जायला पिशवी उचलेपर्यंत त्यांनी ताकाला हात लावला नाही.

आता लिहायला जड जातंय ते. मागच्या महिन्यात चाचांनाच तेरा मिलिमीटरचा खडा निघाला. त्यांना हृदयाचा त्रास आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. त्यामुळे लहरी आणि पाठीतलं भोक, दोन्हींत रक्तस्रावाची भीती. लेसरमध्ये ती कमी, पण भूल हृदयाला सोसेल का? गोळी थांबवायची की नाही, हे हृदयाच्या आणि खड्याच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं आहे. चाचा मात्र तारीखच घेईनात. सत्कार होऊ दे म्हणतात. वर म्हणतात, दुखत न्हाई. माझंच वाक्य. ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. हे छापू का विचारलं, तर म्हणाले, "लिही, पर तिन्ही बाजू लिही." लिहिल्या.

मी चौथं घर शोधलंय : त्यांच्याच वयाचे, तीच गोळी घेणारे, लेसर झालेले एक आजोबा. सत्कारानंतरच्या सोमवारी आधी त्यांच्याकडे, मग डॉक्टरांकडे जायचंय. त्या दिवशी मी कुठंही हिंडायला गेलेलो नसेन.

चाचांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागणं आपण सारेच मागणार. पण हार घालताना प्रत्येकानं त्यांच्या कानात एवढं सांगा : सोमवारी गाडी दारात उभी आहे, मागे बसा.