ब्रेकबाईच्या गाडीतलं तेल

त्या भागातल्या निम्म्याअधिक लोकांना जिने गाडी चालवायला शिकवलं, त्या बाईचा त्यांतल्या एकावरही विश्वास नव्हता. शिकणारा स्टेअरिंगवर, ही शेजारच्या सीटवर, आणि हिच्या पायाशी हिचा स्वतःचा असा एक जादा ब्रेक. समोर कुत्रं दिसो, वळण दिसो, नाहीतर नुसता कागदाचा कपटा उडो, ही "ब्रेक!" म्हणून असं ओरडायची की रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा थांबायचे. लोकांनी तिचं नावच ब्रेकबाई पाडलं. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

संशय हा तिच्या धंद्याचाच भाग होता. समोरचा वळणार नाही असं वाटतंय म्हणजे तो हमखास वळणार, हे धरून चालणारा माणूसच वर्षानुवर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून धडधाकट राहतो. पण असा स्वभाव गाडीतून उतरताना गाडीतच ठेवून येता येत नाही. भाजीवाल्याने वजन करताना इकडेतिकडे बघितलं की हिच्या कपाळाला आठी. शेजारीण जरा गोड बोलली की हिच्या मनात पाल चुकचुकलीच.

तिची गाडी जुनी होती. चौकोनी, फिकट निळी, कोपराने ढकलल्याशिवाय दार नीट न लागणारी. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान आणि दुकानाच्या खिडकीखाली ही गाडी. मागे एकदा तो कापड बेतता बेतता म्हणाला होता, "आता गाडी काढून टाकू या का? हिचे पार्टसुद्धा मिळत नाहीत. तू इथे दुकानात बस, काज-बटणं बघ." त्यावर ब्रेकबाईने आठवडाभर अबोला धरला. काज-बटणं! जिने वकिलांना, मास्तरांना, लग्न मोडलेल्या आणि लग्न ठरलेल्या कितीतरी पोरींना रस्त्याला लावलं, तिने काज-बटणं बघायची! गाडी गेली की आपण शिंप्याची बायको तेवढ्या उरणार, हे तिला लख्ख दिसत होतं. शिंप्याने तो विषय पुन्हा काढला नाही. तिने मात्र तो मनात घडी घालून ठेवला.

तर अशा त्या गाडीच्या ब्रेकचं तेल कमी व्हायला लागलं.

ज्याच्या दाबाने ब्रेक लागतो ते हे तेल बॉनेटखाली एका पांढुरक्या डबीत असतं. डबीवर एक वरची खूण, एक खालची. सुट्टीच्या दिवशी गाडी धुताना तिने पाहिलं, तर तेल खालच्या खुणेला टेकलेलं. तिने भरलं. पुढच्या सुट्टीला बघते, तर पुन्हा उतरलेलं. गळत असणार म्हणून तिने गाडीखाली पुठ्ठे अंथरले. पुठ्ठे कोरडे ठणठणीत. मग चारी चाकं काढून आतून बघितली, पाइपांवरून जुनं धोतर फिरवलं. धोतराला धूळ लागली, तेलाचा थेंब नाही.

गॅरेजवाल्याला सगळे फोरमन म्हणत. तो गाडीखाली सरकला, बराच वेळ आत खुडबुड करत राहिला आणि कपडे झटकत बाहेर आला.

"बाई, गळत नाहीये. कुठे ओलच नाही."

"मग तेल जातं कुठे?"

"कुणीतरी पीत असेल," फोरमन म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

ब्रेकबाई हसली नाही. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. तेल गळत नाही आणि तरी कमी होतं, म्हणजे कुणीतरी काढतं. साधा हिशेब.

पहिला संशय कोपऱ्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यावर. त्याच्या गाड्या नव्या, दात पांढरे, आणि हल्ली तो हिला येता-जाता नमस्कार करत होता. नमस्कार कशाला करतो? मग फोरमनवर. "गळत नाहीये" हे तो जरा फारच पटकन बोलला होता. मग एका शिकाऊ पोरावर, ज्याला तिने सगळ्यांदेखत "म्हशीवर बस तू" असं म्हटलं होतं. पण बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत, आणि दार किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ल्या दोनच. एक तिच्या पर्समध्ये, दुसरी स्वयंपाकघरात खिळ्याला. म्हणजे काम घरातल्याच माणसाचं. घरात माणसं दोन, त्यांतली एक ती स्वतः.

हा विचार तिने आधी झटकून टाकला. पण झटकलेला विचार पुन्हा येऊन बसला, आणि या खेपेला ती मनातली घडी उलगडून बसला. गाडी काढून टाकू या. बायको ऐकत नाही ना, मग गाडीच निकामी ठरली तर?

तोंडाने विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने त्याच्याच दुकानातला खडू घेतला, खरवडून पूड केली आणि संध्याकाळी बॉनेटच्या कडेला हलकीशी भुरभुरवली. सकाळी अंघोळ करून ती बाहेर आली, तर पुडीत चार बोटं उमटलेली. पहिल्या बोटाचं टोक वाकडं. कात्री धरून धरून ते तसं झालं होतं. त्या बोटाला तिने स्वतःच्या हाताने कितीदा तेल चोळलं होतं.

आत शिलाई मशीन नेहमीसारखं चालू होतं. तिने खिळ्यावरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि शिकवायला निघून गेली.

त्यानंतर तिने डबीकडे बघितलंसुद्धा नाही. चोर सापडला, वाट बंद केली, आता बघायचं काय? बघायचं होतं ते नवऱ्याकडे, आणि तेच तिला जमत नव्हतं. तो जेवायला वाढायचा, ही ताटात नजर घालून, न बोलता जेवायची. इतकी वर्षं ज्याच्या शेजारी आपण निर्धास्त झोपलो, तो माणूस आपलं चाक असं मागून खेचतोय, याचं तिला रागापेक्षा दुःख जास्त झालं होतं. तो किल्लीबद्दल चकार शब्द काढत नव्हता. हा तर तिच्या मते पक्का पुरावाच होता.

आणि एका दुपारी, दवाखान्याजवळच्या उतारावर, गाडी शिकणारी एक नर्स स्टेअरिंगवर असताना, ब्रेकबाई नेहमीसारखी ओरडली, "ब्रेक!"

नर्सने ब्रेक दाबला. तो थेट खाली जाऊन बसला. ब्रेकबाईने आपला दाबला. तोही तसाच गेला, कारण दोन्ही ब्रेकांचा जीव एकाच तेलात. समोर एक म्हातारा पिशवी सावरत रस्ता ओलांडत होता. तिने एका हाताने हँडब्रेक खेचला, दुसऱ्याने स्टेअरिंग पिळलं, आणि गाडी कडेच्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. म्हातारा पलीकडे पोहोचला. त्याला काही कळलंही नाही.

"मी दाबला होता हो बाई," नर्स म्हणाली.

"माहीत आहे गं. तुझं चुकलं नाही."

तिने बॉनेट उघडलं. डबी तळापर्यंत रिकामी. म्हणजे याने आणखी एक किल्ली करून घेतली! आता गाडीच्याच काय, हा माणूस माझ्याही जिवावर उठला, असं तिला वाटलं. खरोखर वाटलं. गाडी ओढत गॅरेजपर्यंत नेईस्तोवर तिचे दात एकमेकांवर घट्ट होते.

फोरमनचा चेहरा या वेळी उतरलेला होता. त्याने ब्रेकचा सिलिंडर सोडवला आणि त्यामागच्या मोठ्या गोल डब्यात बोट घातलं. बोट ओलं बाहेर आलं.

"सापडलं! हा बूस्टर. ब्रेकला जोर देतो तो. सिलिंडरचं मागचं रबर गेलंय. तेल बाहेर न पडता या डब्यात मुरत होतं. बाहेरून काय डोंबल दिसणार? मला तेव्हाच हे उघडायला हवं होतं, बाई."

रबरी नळी लावून तो आतलं तेल एका वाडग्यात काढू लागला. वाडगा भरला. त्याने दुसरा घेतला. तोही भरत आला.

"एवढं?" ब्रेकबाई म्हणाली. "माझी बाटली अजून अर्धी शिल्लक आहे. मी एवढं घातलंच नाही."

"तुम्ही नसेल, तर आणखी कुणी घातलंय. डब्यात काय तेलाचा झरा लागलाय?"

ती तिथल्याच एका जुन्या टायरवर बसली. बॉनेट रोज उघडणारा हात तेल काढत नव्हता. घालत होता. तो घालत होता म्हणून ब्रेक लागत होते. आणि आपण त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली.

ती घरी आली तेव्हा शिंपी एका पँटची शिवण उसवत होता. तिने चप्पलसुद्धा काढली नाही.

"ब्रेकचं तेल तुम्ही भरत होता?"

तो जरा ओशाळला. "हो. तू मागे बॉनेट उघडं टाकून फोनवर बोलत होतीस, तेव्हा डबी खाली गेलेली दिसली. मग तू अंघोळीला गेलीस की घालत होतो थोडं थोडं. बाटली बटणांच्या खणात आहे."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगून काय? गाडीत खोट काढली असती, तर तू म्हणाली असतीस, पुन्हा विकायला निघाले." तो पँटकडे बघत म्हणाला. "मग तू किल्ली उचललीस. मला वाटलं, हिच्या लक्षात आलं. आता हीच भरतेय. बरं झालं म्हटलं, सुटलो काळजीतून."

ब्रेकबाईला आता काहीही थाप मारता आली असती, आणि त्याने ती खुशाल खरी मानली असती. तिने मारली नाही. खडूची पूड, वाकडं बोट, दुसरी किल्ली, उतार, म्हातारा, सगळं सांगितलं. जिवावर उठलात असं वाटलं, हेसुद्धा.

उसवलेल्या शिवणीतला दोरा शिंप्याने बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"म्हणून बोलत नव्हतीस होय," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, तुझी दाढ दुखतेय. मी आपला रोज मऊ काहीतरी शिजवत होतो."

ब्रेकबाई दारातच खाली बसली आणि दुकानात गिऱ्हाईक आलं तरी तिला रडू आवरेना.