डेसिबलकाकांचा बेस

डेसिबलकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माइक काढायचे, मग चपला. पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा मी मिक्सरवर चटणी वाटत होते. त्यांनी खिशातून पेन्सिलीएवढा माइक काढला, मोबाइलला जोडला आणि मिक्सरसमोर धरला. "ब्याण्णव डेसिबल," ते म्हणाले, "चटणी उत्तम होईल, पण कान लवकर जातील." मग नमस्कार केला. त्या दिवसापासून आमच्या आळीत त्यांचं खरं नाव कुणी घेतलं नाही.

काका पुण्याचे. सगळी नोकरी कारखान्यात, मोठाल्या कॉम्प्रेसरच्या शेजारी गेलेली. निवृत्त झाल्यावर जव्हारची हवा मानवली म्हणून आमच्या शेजारचं घर भाड्याने घेऊन राहिले. काकू कधीच्याच गेलेल्या, मुलगी ठाण्याला. जन्मभर एकच हौस मनात धरली होती, ती म्हणजे उंची स्पीकरची एक जोडी. ती एकदाची मुंबईहून टेम्पोने आली. कमरेइतके उंच, गुळगुळीत लाकडाचे दोन खांबच म्हणा ना. दुकानदाराने मोठ्या मनाने सांगितलं होतं, दोन महिने वापरा, नाही पटले तर परत पाठवा.

स्पीकर गाणी ऐकायला घेतात असा माझा भाबडा समज होता. काकांच्या घरातून पहिला आठवडाभर कुकरची शिट्टी अडकल्यासारखा नुसता फुस्स आवाज येत होता. मग एक लांबलचक हुंकार, खालून वर चढत जाणारा. तो टोकाला पोचला की आळीतली कुत्री एका सुरात रडायची. इकडे काका माइकमधून लॅपटॉपवर उमटलेली रेघ बघून खूश. रेघ जितकी सरळ तितका स्पीकर चांगला, हे त्यांचं शास्त्र. "काका, एखादं गाणं लावा की," मी म्हटलं, तर म्हणाले, "कान लबाड असतो. जेवल्यावर वेगळं ऐकतो, भांडल्यावर वेगळं. यंत्राला भूक नाही आणि भांडणही नाही."

मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचे. एकदा संध्याकाळी मात्र त्यांनी सरळच सांगून टाकलं. कॉम्प्रेसरने त्यांचे कान खाल्ले होते. टाळांची किणकिण, सतारीचा बारीक झंकार त्यांना आता पोचतच नव्हता. "मला जे ऐकू येत नाही ते मी बघतो," ते म्हणाले. रेघ तर सरळ आली होती, पण गाणं खरोखर चांगलं लागतंय का, हे त्यांना कोण सांगणार? जन्माची हौस घरात उभी आणि ती पुरी झाली की नाही हेच माणसाला कळू नये! मला फार वाईट वाटलं.

त्यांना उसने कान हवे होते. माझे उपलब्ध नव्हते, कारण मी सकाळच्या जीपने मोखाड्याला पंचायत समितीत नोकरीला जायची ती दिवेलागणीला परत. मग काकांनी यमुनाबाईला धरलं. ती साखरशेत गावाहून भाजी आणि नाचणीचं पीठ घेऊन यायची आणि पाटी रिकामी झाली की काकांच्या ओट्यावर टेकायची. काकांनी तिला आत बोलावलं, खोलीच्या मधोमध खुर्चीत बसवलं, गाणं लावलं आणि विचारलं, "कसं वाटतं?"

यमुनाबाई म्हणाली, "बेस हाय."

आता आमच्या डोंगरात बेस म्हणजे चांगलं. भात बेस, पाऊस बेस, सून बेस. पण पुण्याहून आलेल्या आणि स्पीकरमध्ये बुडालेल्या माणसाला बेस म्हणजे एकच ठाऊक, खालचा ढमढम आवाज. काका चपापले. रेघेत तर काही दिसत नव्हतं! त्यांनी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, म्हणजे ढमढम कमी होते म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मग स्पीकरच्या मागे हवा जायला भोकं असतात, त्यांत काकांनी मोजे कोंबले. आवाज चांगलाच पडला असणार, पण चहा देणाऱ्या माणसाला वाईट कसं म्हणायचं? यमुनाबाई अदबीने म्हणाली, "बेस हाय. पन पयला लय बेस व्हता." काकांना वाटलं, उतार पडतोय! त्यांनी आणखी मोजे कोंबले, वर थंडीतला मफलर. असं करता करता स्पीकर खोलीच्या मध्यावर आले आणि काका स्वयंपाकघरात तिरके होऊन जाऊ लागले.

एका शनिवारी मला सुट्टी होती. बघते तर काका स्पीकर खोक्यात भरत होते. मुदत संपत आली होती. यमुनाबाई रिकामी पाटी घेऊन ओट्यावर बसलेली. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "कान गेले तेव्हा वाटलं, यंत्र आहे. आता यंत्रही खोटं निघालं. ही बाई पहिल्या दिवसापासून सांगते आहे, बेस जास्त आहे." यमुनाबाई गोंधळून मला म्हणाली, "मी त बेस हाय बेस हाय बोलतंय. तरी बाबा त्याला बोळे कोंबतंय."

मला आधी कळेना, मग कळलं आणि हसता हसता मी पायरीवरच बसले. कसंबसं म्हटलं, "काका, बेस म्हणजे चांगलं हो."

काकांनी स्पीकर खोक्यातून बाहेर काढले. मग खाली बसले आणि एकेक मोजा ओढून काढू लागले. मफलर निघाला तेव्हा यमुनाबाईने तो झटकून घडी करून ठेवला. स्पीकर पुन्हा भिंतीशी गेले, गाणं लागलं. रेघ पहिल्या दिवशीच खरी होती आणि बाईही पहिल्या दिवशीच खरी होती, मधले दोन महिने नुसता मोज्यांचा खेळ. काका इतके हसले की ठसका लागला, आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला तो गाणं संपेपर्यंत घातला नाही.

त्यानंतर ते माइक विसरले असं मुळीच नाही. पण मोजून झालं की खुर्ची मांडायचे आणि यायला कुणी ना कुणी असायचंच. मोखाड्याच्या बाजाराला निघालेला जीपवालासुद्धा एकदा प्रवासी बाहेर ताटकळत ठेवून आत बसला होता.

गेल्या वर्षी मुलगी त्यांना ठाण्याला घेऊन गेली. गुडघे थकले, कान आणखी गेले. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, म्हणून ते एकटेच बोलतात आणि मी आपली हूं हूं करते. परवा म्हणाले, "इथे रेघ जव्हारपेक्षा सरळ आली आहे. पण दिवसभर घरात माणूस नाही. ऐकायला कोणी नसेल तर लावू कशाला? स्पीकर झाकून ठेवले आहेत."

मी हे यमुनाबाईला सांगितलं. तिने ठाण्याच्या एसटीची वेळ विचारली, मलाही चल म्हणाली आणि रविवारी सकाळी नवं लुगडं नेसून स्टँडवर हजर. मी म्हटलं, अगं, त्यांना आधी कळवायला हवं, गेल्यावर काय बोलायचं त्यांच्याशी, त्यांना तर काही ऐकू येत नाही.

"बोलायचा काय?" ती म्हणाली. "बाबा लावंल, आपुन आयकू."