आता पाणी प्या

हट्टा हे आमचं गाव सोडून आम्ही शहरात राहायला आलो, त्याच उन्हाळ्यात नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं आणि गल्लीत घरोघरी कावीळ झाली. माझ्या धाकटीनंही अंथरूण धरलं.

रोज सकाळी एक माणूस सायकलरिक्षाला भोंगा बांधून यायचा. एरवी तो सिनेमाची जाहिरात करायचा, त्यामुळे ‘पाणी उकळून प्या’ हेसुद्धा खलनायकासारखं गरजून सांगायचा. मध्येच थांबून रुमालानं माइक पुसायचा.

पुढं पाइप बदलले. “आता पाणी बिनधास्त प्या,” असं ओरडत तो आला, पण कुणी नळाला हंडा लावेना. त्यानं माइक बाजूला ठेवला आणि ओंजळीनं घटाघटा पाणी प्याला.

“तुम्ही पचवाल हो,” मी म्हणाले, “माझं लेकरू आत्ता कुठं उठून बसलंय.”

तो पहिल्यांदाच हळू बोलला. “ताई, सकाळी माह्या पोरीला पाजलं, मंगच निघालो.”

मी हंडा नळाखाली सरकवला. घरी धाकटीनं पेला तोंडाला लावला आणि हसली.

“आई, आज कोमट न्हाई गं!”

मग मीही पोटभर पाणी प्याले.