भिंतींवरचा कापूस

माझे यजमान गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी एक खोलीच आठवते. सक्करदऱ्याच्या बाजूला कापसाचं जुनं गोदाम होतं. साठच्या दशकात एका हौशी मालकाने त्याचा स्टुडिओ केला. छोटे माहितीपट, सिनेमागृहात दाखवायच्या जाहिराती, आणि गावात टीव्ही आल्यावर शेतीचे काही कार्यक्रम तिथे तयार झाले. हे तिथले ध्वनिमुद्रक. बाहेरचा आवाज येऊ नये आणि आतला घुमू नये म्हणून भिंतींना गोणपाटाच्या गाद्या यांनीच ठोकल्या होत्या, आत गिरणीतला टाकाऊ कापूस. चित्रीकरण सुरू झालं की मे महिन्यातही कूलर बंद. शेतीतज्ज्ञ घामाघूम होऊन निंदणाबद्दल बोलायचे आणि हे कानाला हेडफोन लावून प्रसन्न.

ऐंशीच्या दशकात काम आटलं आणि मालकाने जागा एका कलामंडळाला दिली. गाण्याचे वर्ग, चित्रकला, नाटकाच्या तालमी तिथे होणार होत्या. मंडळाचे चिटणीस यांना म्हणाले, "आता इथं रेकॉर्डिंग कुठं राहिलं? रविवारी येऊन तुमचं सामान घेऊन जा." हे तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. दुसरं काम येत नव्हतं, आणि दुसऱ्या जागेत यांचं मन रमलं नसतं. मला काळजी होती ती त्याचीच.

त्या रविवारी मीही बरोबर गेले. गाण्याच्या बाई पहिला वर्ग संपवून बाहेर येत होत्या, वैतागलेल्या.

"भाऊ, मी गाऊन राहिली अन् तुमची भिंत खाऊन राहिली. पोरींले वाटलं, बाईंचा गळाच बसला."

"ते कामच आहे तिचं," हे म्हणाले. "वीस वर्षं इमानदारीनं केलं."

"मंग आता तिले रिटायर करा ना."

चिटणीस म्हणाले, "सोपं आहे. सुतार लावून सगळं ओरबाडून टाकू."

"सगळं काढलं तर नुसता डबा होईल, आवाज घुमत राहील. शब्द समजायचे नाहीत." एवढं बोलून यांनी बाहेर काढलेलं सामान पुन्हा आत ठेवलं.

मग आठ दिवस, रोज सकाळी, तेच. सुताराने एक गादी काढायची, यांनी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. कधी काढलेली गादी परत लावायला सांगायचे.

"काहून छळता भाऊ? टाळी ते टाळीच," सुतार म्हणाला.

"तू रंधा मारल्यावर हात फिरवून पाहतो ना गा? तसंच आहे हे."

स्वतः ठोकलेलं उसवताना त्रास होतो का, असं मी घरी विचारलं. हे म्हणाले, "शांतता पुष्कळ ऐकली. आता गाणं ऐकतो."

नवव्या दिवशी बाईंनी षड्ज लावला. तो खोलीत क्षणभर राहिला आणि मग विरला. बाईंनी पुन्हा तोच स्वर लावला. मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या नाटकवाल्यांची तालीम आहे. त्यांले अर्ध्या गाद्या परत पायजेत. तुम्ही किती वाजता येता?"

"सातला," हे म्हणाले.

चिटणिसांनी चहा सांगितला, यांच्यासाठीही. पुढची पंधरा वर्षं यांनी सकाळचा चहा तिथेच घेतला.