फोनात दोष न्हाई

आष्ट्यात मोबाइलचं दुकान चालवणारे जवाहरअण्णा जैन, घरात कांदा येऊ देत नाहीत, पण नाकानं कांदे सोलण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत सापडायचा नाही. ‘आमच्या दुकानात खोटा माल मिळत नाही’ हे ते इतक्यांदा म्हणत, की समोरचा चहावाला त्यांच्याआधीच म्हणून मोकळा व्हायचा.

गेल्या वर्षी त्यांनी ‘वज्र’ नावाच्या फोनचा भलामोठा लॉट उचलला. फोन देखणा, बॅटरी दांडगी. खोट एकच. मुठीत घट्ट धरला की आतली अँटेना झाकली जायची आणि बोलणं मध्येच तुटायचं. महिन्याभरात अर्धं आष्टा गरम पातेलं उचलल्यासारखं दोन बोटांत फोन धरून बोलायला लागलं.

दुकानासमोर रोज वाद झडायचा. मेंढरांचा व्यापार करणारा केरबा तर तावातावानं आला.

“अण्णा, बकऱ्याचं गिऱ्हाईक बोलता बोलता गेलं. ह्यो दोष न्हाई तर काय?”

“दोष फोनात न्हाई, तुझ्या धरण्यात हाय. बकरं धरल्यागत धरतोस व्हय? नाजूक वस्तू हाय ती.”

“मग तिच्यावर बोलायचं का तिला ववाळायचं?”

लोक हसले. अण्णा मात्र हटले नाहीत. हटणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं.

अशात त्यांच्या लेकीला, सुंदरीला बघायला कुपवाडचा सम्मेद येऊन गेला. वर्कशॉप चालवणारा, कमी बोलणारा पोरगा. सुंदरीनं आईला हळूच सांगितलं, “आई, हाच.” आता फक्त थोरांचा शब्द यायचा होता. रविवारी दुपारी सम्मेदच्या वडलांचा, आदगोंडांचा फोन आला. घर कानात प्राण आणून उभं राहिलं.

“अण्णा, आमच्या घरात सगळ्यांचं बोलणं झालं. तुमची सुंदरी आमाला...”

अण्णांनी उतावीळपणे फोन दोन्ही हातांनी गच्च धरला. आवाज गेला.

“कट केला त्यांनी,” अण्णा पुटपुटले.

“आवं, त्यांनी कुठला? तुमीच मुठीत आवळला की,” अण्णांच्या पत्नी गुणमालाबाई म्हणाल्या.

“फोनात दोष न्हाई,” अण्णा सवयीनं बोलून गेले.

“दोष नसंल पप्पा, तर कट त्यांनीच केला,” सुंदरी म्हणाली. “म्हंजे नकार.” आणि आत निघून गेली.

अण्णा पेचात पडले. फोन खरा मानावा तर पोरगी नाकारलेली, पोरगी पसंत मानावी तर फोन खोटा. उलटा फोन लावावा, तर मुलीकडच्यांनी एवढी घाई करायची? सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून गुणमालाबाईंनी ताटं वाढली. सुंदरीनं ताटाला हातही लावला नाही. आता सकाळपर्यंत ती उपाशी, हे कळल्यावर अण्णांचा पीळ सैल झाला. त्यांनी चिमटीत फोन धरून आदगोंडांना लावला.

आदगोंडा तापलेलेच होते. “मी व्हय म्हणत हुतो आणि तुमी फोन कापला!”

“न्हाई पावणं, फोनातच दोष हाय.”

“माझ्याकडं बी वज्रच हाय, तुमच्याच दुकानातला. तवा दोष न्हाई म्हणाला. आता पोरीच्या टायमाला दोष उगवला व्हय? उद्या येतो. तुमच्या गिऱ्हाइकांनाच इचारतो.”

सकाळी सकाळीच ते मोटारसायकलवर आले आणि बाजारात चौकशी करत सुटले. अण्णांना वाटलं, आता केरबा तरी आपली बाजू घेईल.

“दोष?” केरबा म्हणाला. “कसला दोष?”

त्याचं असं झालं होतं, की तक्रार करणाऱ्यांना एव्हाना त्या दोषाची गोडी लागली होती. रडगाणं गाणारा मेव्हणा असो नाहीतर उपदेश करणारा मामा, मूठ आवळली की गप्प. वर ‘रेंज गेली’ म्हणायला मोकळे. दोष जगजाहीर झाला की ही सोय संपली.

“अरं, खरं सांगा की! दोष हाय!” अण्णा गयावया करायला लागले.

“छे छे,” अख्खा बाजार म्हणाला. “अण्णांच्या दुकानात खोटा माल मिळत न्हाई.”

“आजमावूनच बघू,” म्हणत आदगोंडांनी दुकानाच्या पायरीवरून फोन लावला. अण्णांनी तो उचलला आणि हाताच्या शिरा ताठेपर्यंत आवळला. बोलणं तुटावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मनापासून प्रार्थना केली.

“हॅलो, येतंय का ऐकू?” नेमकी त्या वेळी रेंज दांडगी, आदगोंडांचा आवाज फोनमधून ठणठणीत आला.

लोक खो खो हसले. गल्ल्यामागं सुंदरी मान खाली घालून उभी होती. तिच्याकडं बघून अण्णांना भडभडून आलं. आदगोंडा समोरच उभे आहेत हे विसरून ते फोनमध्येच बोलायला लागले.

“पावणं, आज तुटला न्हाई, पण दोष हाय. मला पयल्यापासनं ठावं हुता आणि मी समद्यांना न्हाई म्हणत आलो. खोटा मी हाय. माझी पोरगी खोटी न्हाई. काल दुपारपासनं तिच्या पोटात अन्नाचा कण न्हाई.”

आदगोंडांनी फोन कानाला तसाच ठेवला आणि पायरीवरून, फोनमध्येच, हळू आवाजात उत्तर दिलं.

“ऐकू आलं, अण्णा. आधी आमच्या सुनेला जेवू घाला.”