दुपारचा हिवताप

आमच्या दाजींइतका स्वतःवर संशय घेणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सत्तरच्या दशकात परभणीत त्यांचा दवाखाना होता आणि रोग्यांचं रक्त ते स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. एकदा दिलेला निकाल दुसऱ्यांदा तसाच येईल का, याचा त्यांना भारी घोर. तपासलेल्या काचा ते जपून ठेवत, नावं झाकून पुन्हा बघत, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत की ताटावरून उठत. घरीही तोच प्रकार. अक्का वैतागून म्हणायची, "ह्यांना भाजी कशी झाली इचारावं तर म्हणतेत, उद्या अशीच कर, मग सांगतो." मला ते एकाच बैठकीत दोनदा 'बरा आहेस ना' विचारत, आणि दुसऱ्यांदा मी खरोखरच विचारात पडे.

एकदा गेलो तर दाजी जुन्या रिपोर्टांच्या नकला फरशीवर पसरून बसलेले. सकाळच्या एकीकडे, दुपारच्या दुसरीकडे. "बघ मास्तर, सकाळी हिवताप सापडायलाय अन् दुपारी न्हाई. असं का?" मी म्हणालो, "डास दुपारी झोपत असतील." दाजींना माझ्या विद्यार्थ्यांची फार कीव आली असावी. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकी पूर्वेची; दुपारनंतर सूक्ष्मदर्शकाच्या आरशाला पुरेसा उजेडच मिळत नव्हता. टेबल लगेच उजेडाच्या बाजूला हललं. पण दुपारी ज्यांना 'हिवताप नाही' असं लिहून दिलं, त्यांचं काय? दाजी जुन्या काचा चांगल्या उजेडात पुन्हा बघू लागले, आणि बोरीच्या एका गरोदर बाईची काच बघताना त्यांचा चेहरा उतरला.

दवाखाना बंद करून आम्ही एसटीने बोरी गाठली. बाई गोधडीत कुडकुडत होती. "मी चुकलो. हिला हिवतापच हाय," दाजी सगळ्या आळीसमोर म्हणाले. सासरा बुचकळ्यात पडला. "चुकलो म्हंजी? डाक्टर कदी चुकत असतेत का?" बाईचा ताप उतरेपर्यंत दाजी फेऱ्या मारत राहिले. बाकीच्यांच्या घरीही जाऊन त्यांनी हेच सांगितलं. लोक गोंधळले आणि हळूहळू यायचे थांबले.

पुढे काही महिन्यांनी तोच सासरा मला परभणीच्या स्टँडवर भेटला. कडेवर नातू. दुसऱ्या डॉक्टरला दाखवून निघाला होता. "तुमचे दाजी लय देवमाणूस हायेत, मास्तर. पर ते सोताच चुकलो म्हणतेत. लेकरू कसं सोपवावं? ह्या डाक्टरचं कदीच चुकत न्हाई."

माझा संताप झाला. तसाच तणतणत दवाखान्यात गेलो. बाकडी रिकामी. मी सगळं सांगितलं, बरंच तिखटमीठ लावून. दाजी खुर्चीतून उठले. "म्हणजे बाळंत झाली? मायलेकरं नीट हायेत?"

मी हो म्हणालो. माणसाने यात आनंद कशाचा मानावा, मला काही कळेना. दाजींनी मागे घरात असलेल्या अक्काला हाक मारून साखर वाटायला सांगितलं. वाटायला तिथे होतं कोण? आम्ही तिघांनीच खाल्ली.