दुपारी दोनचा सत्यनारायण

ज्या खोलीसाठी आप्पा भांडले, ती खोली आज गार आहे.

आप्पा नाहीत.

तिथीनं आज वर्ष झालं.

आप्पा आमच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरचे. मूळचे निमोण्याचे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं उघड्यावर काढलेलं. मुलगा किसन इथं शिरूरला कंपनीत लागला, त्यानं फ्लॅट घेतला, आणि आप्पा माईंना घेऊन शहरात आले.

माई म्हणजे त्यांच्या पत्नी. पॅरालिसिसनं उजवी बाजू गेलेली. वाचाही गेली. दिवसभर कॉटवर, वर बघत.

वर नुसता स्लॅब.

स्वस्तातली बिल्डिंग. बिल्डरनं गच्चीवर ना कोबा केला, ना काही. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि रात्रभर खाली ओकतो.

हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलेलं नाही. मी आयटीआयसुद्धा केलेलं नाही. पुस्तकं आणून वाचली, वायरमन झालो, आज कंपनीत मेंटेनन्स बघतो. आमच्या जिन्यातले एलईडी आणि पंपाचा टायमर माझ्याच हातचे.

म्हणून आप्पा माझ्याकडंच आले.

"वायरमन, लाइट बिल कमी केलंस, ब्येस केलंस. आता ऊन कमी कर."

कूलर लावून बघितला होता. दमट हवेनं माईंच्या छातीत कफ धरला. मग आप्पा चादर भिजवून कॉटभोवती बांधायचे. वाळली की पुन्हा भिजवायची. रोज दुपारभर हेच.

माईंना दुपारची झोप अशी नव्हतीच.

उपाय मला माहीत होता, गच्चीला ऊन परतवणारं कोटिंग. मदत शोधायला निघालो.

एका ऑफिसात म्हणाले, योजना सोलरला आहे, गारव्याला नाही.

दुसरीकडं विचारलं, सोसायटी रजिस्टर आहे का? नव्हती. बिल्डरनं केलीच नव्हती.

कंपनीतले साहेब म्हणाले, आमचा फंड शाळांना जातो.

राहिले आपलेच लोक.

आणि आपल्या लोकांची मीटिंग व्हायची संध्याकाळी, खाली पार्किंगमध्ये. बिल्डिंगमधली सगळ्यात गार जागा.

सोसायटी रजिस्टर नसली तरी चेअरमन असतोच. आमचे भाऊसाहेब, तळेगाव ढमढेरेचे बागायतदार, राहायला तळमजल्यावर. ते म्हणाले,

"आप्पा, ऊन तुमच्या डोक्यावर आन् खर्च आमच्या खिशाला व्हय? तुम्ही तर जल्मभर उन्हात हिंडलाय!"

"हिंडलो की. पर रानात झाड असतंया, चेअरमन. मेंढरू बी दुपारचं सावलीला बसवतो आम्ही."

सगळे हसले. विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

जिना चढताना आप्पा मला म्हणाले, "मीटिंग दुपारी माझ्या घरात घे."

"कोण येईल, आप्पा?"

ते दम खायला थांबले.

"मग पूजा घालतो. सत्यनारायणाला न्हाई कोण म्हणतंय, बघू."

गुरुजी गोंधळले. "आप्पा, ऐन उन्हाळ्यात दुपारी दोनला कुणी पूजा घालतं का?"

"तुमच्या पोथीत दुपारी घालू नगा असं लिव्हलंय का?"

घरोघर जाऊन स्वतः आवतन दिलं. कंपनीच्या सुट्टीचा दिवस. सगळी बिल्डिंग आली.

समई लागली, आणि आप्पा अगदी साध्या चेहऱ्यानं म्हणाले, "किसन, पंखा बंद कर रं. समई इझंल."

पहिल्या अध्यायाला लोक नीट बसलेले. दुसऱ्याला बायकांनी प्रसादाच्या पत्रावळीनं वारा घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्याला भाऊसाहेबांचा सदरा पाठीला चिकटला. भिंतीला टेकलेला एकजण चटका बसल्यासारखा पुढं सरकला.

उठलं कुणी नाही. प्रसाद घेतल्याशिवाय उठायचं कसं?

माई त्याच खोलीत कॉटवर होत्या. हळूहळू सगळ्यांची नजर त्यांच्याकडं गेली. मग कुणी कुणाकडं बघेना.

आरती झाल्यावर भाऊसाहेब हळूच म्हणाले, "आप्पा, रोज असंच असतं?"

"न्हाई, चेअरमन. आज ढग हाय."

भाऊसाहेबांनी पूजेला हात जोडले. "करून टाकू."

देवासमोरचा शब्द. वर्गणी जमली, ठेकेदार ठरला. पण त्याची माणसं लग्नाला बिहारला गेलेली. म्हणाला, "हफ्ते भर में आ जाएंगे, भैया."

त्या आठवड्यात आप्पा गेले.

चादर पिळता पिळता माईंच्या कॉटला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. माईंनी सगळं पाहिलं. हाक मारता आली नाही.

किसन शिफ्टवरून आला तेव्हा आप्पांच्या हातातली चादर वाळून कडक झाली होती.

दाखल्यावर हृदयविकार लिहिला. उन्हाचं नाव कुठंही नाही.

दहाव्यानंतर काम झालं. लोक म्हणतात, गच्चीला पांढरा रंग मारला. रंग नव्हे तो. आधी स्लॅब घासला, भेगा भरल्या, मग हीट रिफ्लेक्टिव्ह कोटिंगचे दोन हात दिले. एक आडवा, एक उभा, आणि मधे पुरतं वाळू दिलं. मी तिथून हाललो नाही. भाऊसाहेबही डोक्याला टॉवेल गुंडाळून शेवटपर्यंत उन्हात उभे होते.

फुकटचा एसी झाला असं मी म्हणणार नाही. उन्हाळा उन्हाळाच आहे. पण भिंतीला पाठ टेकता येते.

आज दुपारी वर्षश्राद्धाला सगळे त्याच खोलीत जमलो. फोटोपुढं समई, म्हणून पंखा बंद. वारा घ्यायला पत्रावळी कुणी उचलली नाही.

गुरुजींचं चालू असताना किसननं मला कोपरानं ढोसलं. कॉटकडं खूण केली.

माई झोपल्या होत्या.

भर दुपारी. तोंड किंचित उघडं, डावा हात उशाशी.

गुरुजींनी आवाज खाली आणला. भाऊसाहेब चपला हातात घेऊन बाहेर पडले, वाजू नयेत म्हणून.

आप्पा, माईंचा डोळा लागलाय.

चादर ठेवा आता. तुम्ही बी पडा जरा.